पुढच्याने घेतलं तर खरं

भाजीवाल्या मावशींनी परत दिलेली चिल्लर आपण बघत नाही, तशीच खिशात सारतो. आपण दिलेली चिल्लर मात्र त्या बघतात. एकेक नाणं तळहातावर घेऊन, अंगठ्याने उलटं करून, शंका आली तर शेजारच्या मिरचीवालीला दाखवून. देशात चार टांकसाळी आहेत, रिझर्व्ह बँक आहे, २०११ चा नाणे कायदा आहे. या सगळ्यांनी मिळून पास केलेलं नाणं शेवटी मावशींच्या तळहातावर तोंडी परीक्षेला बसतं. 'हे नको दादा, दुसरं द्या' असा निकाल लागतो आणि फेरतपासणीची सोय नसते. ते नाणं परवा मावशींनीच आपल्याला दिलेलं असतं, पण हा मुद्दा कोथिंबिरीची जुडी पिशवीत पडण्याआधी काढायचा नसतो.

नापास झालेलं नाणं घरी येतं आणि डब्यात जातं. असा डबा बहुतेक घरांत असतो. आमच्याकडे तो श्रीखंडाचा आहे. संग्राहक मंडळी जुनी नाणी शोधत पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हिंडतात, दुकानदाराशी घासाघीस करतात, उन्हात उकिडवे बसतात. मला यातलं काही करावं लागलं नाही. नाकारलेली नाणी आपणहून माझ्याकडे येत गेली, कारण घरात 'तू बघ कुठे खपतंय का' हे खातं माझ्याकडे आहे.

खपवण्याचे काही नियम आहेत. संशयित नाणं एकटं द्यायचं नाही, दोन सज्जन नाण्यांच्या मधे घालून द्यायचं. शक्यतो पाऊस असावा, बस सुटत असावी आणि मागच्या माणसाने 'अहो, चला पुढे' म्हणावं. दानपेटी हा शेवटचा उपाय, कारण देव नाणं उलटं करून बघत नाही. (मोजणीला बसणारे देवस्थानचे कर्मचारी बघतात, पण तोवर आपण प्रसाद घेऊन घरी आलेलो असतो.) सोळाव्या शतकात टॉमस ग्रेशॅम नावाचा एक इंग्रज व्यापारी होऊन गेला. त्याच्या नावाने अर्थशास्त्रात नियमच आहे की वाईट नाणं चांगल्या नाण्याला बाजारातून हाकलून देतं, कारण माणूस चांगलं जवळ ठेवतो आणि वाईट पुढे सरकवतो. आमच्या आजीने ग्रेशॅमचं नाव ऐकलं नव्हतं. पण गुळगुळीत रुपया दूधवाल्याला आणि कोरा रुपया देवघरात, यात तिची कधी गल्लत झाली नाही.

आजीच्या पिढीची परीक्षा कानाची होती. रुपया फरशीवर टाकायचा. खणखणला तर खरा, बद्द वाजला तर परत. चांदीच्या रुपयाला हे शोभायचंही. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी असे. युद्धात ती अर्ध्यावर आली आणि युद्धानंतर चांदी गेलीच, तिच्या जागी निकेल आलं. १९४७ च्या रुपयावर एका बाजूला इंग्लंडचा राजा आहे आणि दुसऱ्या बाजूला वाघ. राजा त्याच वर्षी गेला. वाघ अजूनही एखाद्या घराच्या डब्यातून निघतो, आणि घरातलं कोणीतरी लगेच त्याचे लाख रुपये येतील म्हणतं. त्या लाखांकडे आपण पुढे येऊ.

पोलादाची नाणी आल्यावर कानाचं काम संपलं. सगळीच सारखी वाजतात. मग डोळ्यांवर भिस्त आली आणि सरकारने डोळ्यांचीही परीक्षा घ्यायचं ठरवलं. १९८८ पासूनचं स्टीलचं आठाण्याचं नाणं २२ मिलिमीटरचं, ३.७९ ग्रॅमचं. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा. हे आकडे लक्षात ठेवा. २०११ मध्ये नवी मालिका आली, तिच्यातलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि ४.८५ ग्रॅमचं होतं. रुपया होता २२ मिलिमीटरचा आणि ३.७९ ग्रॅमचा. दोन रुपये जुन्या रुपयाच्या मापात आले आणि रुपया आठाण्याच्या. महागाई म्हणजे काय हे शाळेत शिकवायचं असेल तर ही चार नाणी बाकावर ओळीने मांडावीत आणि गुरुजींनी गप्प बसावं.

पाचाची तऱ्हा आणखी वेगळी. १९९२ चं तांबं-निकेलचं पाचाचं नाणं ९ ग्रॅमचं, जाडजूड, खिशाला भोक पाडणारं. पुढे ते ६ ग्रॅमवर आलं, पण व्यास २३ मिलिमीटरच राहिला. म्हणजे दोन रुपये पाचापेक्षा मोठे दिसतात. त्यातही २००५ नंतरचं दोनाचं एक स्टीलचं नाणं जवळजवळ २७ मिलिमीटरचं होतं, थेट दहाच्या नाण्याच्या मापाचं. रात्रीच्या बसमध्ये दिवा गेलेला असताना मास्तरांनी चिल्लर चाचपून तिकीट फाडावं, अशी अपेक्षा करणाऱ्या माणसाने कधी रात्रीची बस पकडलेली नसावी. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेत सरकारलाही ते पटलं. दृष्टिहीनांना चाचपून ओळखता यावं म्हणून किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढवलं, आणि वीस रुपयांच्या नाण्याला बारा कोन दिले. दृष्टिहीनांसाठी केलेली ही सोय आम्हा डोळसांनाही फार उपयोगी पडते, हे कोणी कबूल करत नाही इतकंच.

मधल्या काळात चित्रांचाही गोंधळ होताच. २००६ च्या सुमाराला दोन रुपयांवर चार बाजूंना वळलेल्या रेघांची फुली आणि चार ठिपके आले. विविधतेत एकता, असा त्याचा अर्थ सांगण्यात आला. काहींना त्यात क्रूस दिसला आणि आरडाओरडा झाला. मग २००७ पासून नृत्यातल्या हस्तमुद्रा आल्या. आठाण्यावर मूठ, रुपयावर वर केलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. कलेच्या दृष्टीने हे सुंदर आहे. पण भांडवल म्हणून रुपया पुढे करावा आणि रुपयानेच आपल्याला अंगठा दाखवावा, असा प्रसंग जगातल्या फार थोड्या देशांच्या नागरिकांवर आला असेल.

तरीही या सगळ्या गोंधळाला पुरून उरलं ते दहा रुपयांचं नाणं. मधे एक धातू, कडेला दुसरा, असं हे दुरंगी नाणं पहिल्यांदा निघालं त्यावर २००५ साल आहे. पुढे त्याच्या इतक्या नक्षी निघाल्या की लोकांनी खऱ्याखोट्याची निवड स्वतःच करायला घेतली. काही नाण्यांवर दहाच्या वरच्या बाजूला पंधरा रेघा होत्या, काहींवर दहा. जनतेने निकाल दिला: दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. का? दहा रुपये, दहा रेघा, हिशेब जुळतो. शिवाय दहा रेघांच्या नाण्यावर रुपयाचं नवं चिन्ह होतं आणि पंधरावर नव्हतं. ते चिन्ह ठरलंच २०१० मध्ये. त्याआधी पाडलेल्या नाण्यावर ते कुठून येणार, हा प्रश्न कोणाला पडला नाही. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने पत्रक काढलं की आजवर चौदा नक्षींची नाणी निघाली आणि चौदाही चालू आहेत. खात्री करून घ्यायला १४४४० हा नंबर दिला. त्यावर आपण फोन लावायचा, तो कट होतो, मग तिकडून फोन येतो आणि नाणं खरं असल्याचं आपल्याला सांगतो.

म्हणजे आपल्याला ते माहीतच असतं. सांगायचं असतं रिक्षावाल्याला.

'दादा, रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, चालतं हे.'

'मग बँकेला द्या.'

'बँक घेतेच.'

'मग बँकेतच बसायचं ना साहेब, माझ्या रिक्षात कशाला बसलात?'

या युक्तिवादाला पत्रकात उत्तर नाही. मुंबईत हे नाणं बिनबोभाट फिरतं. काही तालुक्यांत मात्र एसटीतून उतरलं की त्याची किंमत शून्य होते आणि परतीच्या एसटीत चढलं की पुन्हा दहा. चलनाचा भाव देशाच्या सीमेवर बदलतो असं आपण शिकलो. इथे तो स्टँडच्या फाटकावर बदलतो.

आठाण्याची कथा याहून करुण आहे. ३० जून २०११ पासून सरकारने चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी बंद केली. त्यात गेंड्याचं चित्र असलेलं पंचवीस पैशांचं नाणं गेलं, पाकळ्यापाकळ्यांच्या कडेचे अॅल्युमिनियमचे दहा पैसे गेले, षट्कोनी वीस पैसे गेले. आठाणे सरकारने बंद केलेले नाहीत. ते जनतेने केले. कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम आठाण्यांत देता येते. म्हणजे आठाण्याची वीस नाणी समोरच्याला घ्यावीच लागतात. हौस असेल त्याने पेट्रोल पंपावर हा प्रयोग करावा, मात्र मागे रांग नाही ना ते बघून. (रुपया आणि त्यावरच्या नाण्यांची मर्यादा एका वेळी हजार रुपये आहे. एखाद्या निवडणुकीत अनामत रक्कम चिल्लरमध्ये भरणाऱ्या उमेदवाराची बातमी येते, तेव्हा त्या मोजणाऱ्या कारकुनाला हा आकडा पाठ असतो.)

आता ज्यांच्याकडे खरंच बघावं अशा नाण्यांकडे येऊ. ती डब्यात असतात, पण क्वचित. आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका आहेत. त्यांच्याकडे भिंग आहे, सोनाराचा लहान काटा आहे आणि भरपूर वेळ आहे. विचित्र नाणं हातात आलं की ते पहिला प्रश्न एकच विचारतात: हे टांकसाळीत बिघडलंय की संसारात? टांकसाळीत बिघडलेल्याला संग्राहक पैसे मोजतो. संसारात बिघडलेल्याला ते लोक 'पीएमडी' (पोस्ट मिंट डॅमेज) म्हणतात आणि तोंड फिरवतात.

टांकसाळीत बिघडायला जागा पुष्कळ आहेत. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात, मग एकेक चकती दोन ठशांच्या मधे येते आणि वरून दाब बसतो. धातू बाजूला पसरू नये म्हणून भोवती एक कडं असतं. हे सगळं मिनिटाला शेकड्यांनी चालतं. पट्टी पुढे सरकायची राहिली तर नवी चकती जुन्या भोकावर कापली जाते आणि नाण्याचा चंद्रकोरीएवढा घास गेलेला दिसतो. कडं जागेवर नसेल तर नाणं पसरट होतं. चकती मधोमध बसली नाही तर अशोकस्तंभाचे सिंह एका कडेला जातात आणि अर्धं नाणं कोरं राहतं. लोक याला खोटं म्हणतात. वास्तविक खोटं नाणं पाडणारा माणूस इतका निष्काळजी नसतो. त्याला ते खपवायचं असतं. सिंह मधोमध आणणं ही त्याच्या पोटापाण्याची गरज आहे.

यातला सगळ्यात देखणा बिघाड म्हणजे जुने संग्राहक ज्याला 'लाखी' म्हणतात तो. पाडलेलं नाणं खाली न पडता ठशालाच चिकटून राहतं. पुढची चकती येते, आणि तिच्यावर एका बाजूला खरा ठसा आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याची छाप उमटते. म्हणजे एकीकडे उठावदार सिंह आणि दुसरीकडे तेच सिंह खोलगट, आरशात पाहिल्यासारखे. खाली 'सत्यमेव जयते' हेही उलटं आणि खड्ड्यात. असं नाणं हातात आलं तर ते जपून ठेवावं. बसमध्ये दिलंत तर मास्तर दोन्ही बाजू बघतील आणि '१९७५ चा शोले आम्हीपण बघितलाय' म्हणतील. जयच्या नाण्याला दोन्हीकडे छापाच होता हे खरं, पण ते जोडकाम होतं. लाखी नाण्यात छापा दोन्हीकडे असतो आणि त्यातला एक आत गेलेला असतो.

काकांचा सगळा व्यासंग एका कसोटीवर उभा आहे: उठाव की खड्डा? ठशाला तडा गेला तर दाबाच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर ती रेघ उठून येते. नाण्यावर नंतर कोणी खिळा ओढला तर रेघ खोल जाते. बोटाने कळतं, भिंग लागत नाही. दुसरी कसोटी याहून सोपी. आपल्या नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात. पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं आडवं उलटायचं. सिंह सरळ असतील तर मागचा आकडाही सरळ दिसायला हवा. तो तिरका किंवा डोक्यावर उभा दिसला तर ठसा यंत्रात फिरला होता आणि तुमच्या हातात टांकसाळीचा घोटाळा आहे. हे आजवर कोणाही दुकानदाराच्या लक्षात आलेलं नाही. अशी नाणी त्यामुळे आरामात फिरतात, आणि काका रोज संध्याकाळी किराणा दुकानात शेठच्या गल्ल्यातली चिल्लर उलटीसुलटी करत बसतात. शेठला वाटतं, म्हातारा माणूस आहे, वेळ जात नाही.

बनवाबनवीही आहेच. दोन नाणी एकावर एक ठेवून कारखान्यातल्या व्हाइसमध्ये आवळली की एकाची छाप दुसऱ्यावर उमटते आणि लाखी म्हणून विकता येते. पण त्यात ज्या बाजूवर दाब आला तिच्यावरची मूळ अक्षरं चेपलेली असतात. दहाच्या नाण्यातली मधली चकती हातोडीने उडवायची आणि 'मधला भाग नसलेलं दुर्मीळ नाणं' म्हणून जाहिरात करायची, हाही एक धंदा. काका म्हणतात, एवढे कष्ट घेऊन सरळ नोकरी केली असती तर जास्त सुटले असते.

तसं बघितलं तर ठसा मधोमध हवा हा हट्टच अलीकडचा, यंत्रं आल्यावरचा. शिवाजी महाराजांच्या काळापासून चाललेली तांब्याची शिवराई हाताने, हातोड्याखाली पाडलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे कधी 'श्री' कडेबाहेर, कधी 'पति' गायब. सगळी अक्षरं पूर्ण असलेली शिवराई सापडली तर आज संग्राहक उठून उभा राहतो. त्या काळी डझनावारी तऱ्हेची नाणी बाजारात होती आणि ती पारखायला सराफ आणि पोतदार होते. झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्याला ते बट्टा लावत, म्हणजे थोडं कमी मोजून का होईना, घेत. ही फार समंजस पद्धत होती. दहाचं नाणं नऊला घेतो म्हणणारा रिक्षावाला मला आज भेटला तर मी आनंदाने त्याच्या रिक्षात बसेन. (ज्यांना हे सगळं शहाण्या माणसांकडून समजून घ्यायचंय त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला जावं. तिथे नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचंही संग्रहालय आहे. तिथे काचेआड ठेवलेलं प्रत्येक नाणं कधी ना कधी कोणीतरी नाकारलेलं असणार, अशी माझी खात्री आहे.)

संसारात बिघडलेल्या नाण्यांची यादी मात्र काकांना मुळीच नको असते आणि मला तीच आवडते. बाटलीची झाकणं उघडून कड वाकलेलं. स्क्रूड्रायव्हर सापडला नाही म्हणून गॅसच्या बटणाशी झटलेलं. हळदीकुंकवाने डाग पडलेलं. नाकात डोकावणाऱ्या डॉक्टरांनी बाळाकडून वसूल केलेलं. आणि रुळावर ठेवून गाडीखाली पसरवलेलं. रुळावरून गाडी गेली की नाण्याचं लोहचुंबक होतं, या शास्त्रावर आमच्या पिढीने कितीतरी दहा पैसे खर्च केले. ते अॅल्युमिनियमचे होते. चुंबक होणं सोडाच, खऱ्या चुंबकालाही ते चिकटत नसत. १९४३ ते १९४७ च्या भोकाच्या पैशाचं तर नशीबच वेगळं. युद्धात तांबं वाचवायला सरकारने त्याला भोक पाडलं आणि लोकांना आयता वाशर मिळाला. तो नळात बसला आणि चलनातून निवृत्त झाला.

सरकारला हे असं चालत नाही. २०११ च्या कायद्यात नाणं वितळवण्याला किंवा नष्ट करण्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा कडक व्हायला कारण होतं. २००७ च्या सुमाराला कोलकात्याकडून बातम्या येत होत्या की आपली नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात जातात आणि तिथे वितळवून त्यांची दाढीची पाती करतात. इकडे चिल्लर मिळेना, आसामातल्या चहाच्या मळ्यांत नाण्यांऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे चालायला लागले. आपल्याकडे त्या काळात चिल्लर म्हणून चॉकलेट मिळत असे. त्यातून आमच्या गल्लीतल्या दंतवैद्याचा बराच फायदा झाला.

नाण्यांची खरी प्रयोगशाळा नदीवरच्या पुलाखाली असते. वरून गाडी जाते, खिडकीतून हात जोडलेले असतात आणि एक रुपया पाण्यात पडतो. खाली पोरं दोरीला लोहचुंबक बांधून उभी असतात. स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात. तांबं-निकेलची, म्हणजे नव्वदीतली जाड पाचाची वगैरे, चिकटत नाहीत; ती नदीला मिळतात. पण साठीतला शुद्ध निकेलचा रुपया मात्र चिकटतो. कुठल्या वर्षीच्या नाण्यात कुठला धातू, हे या पोरांना कोणी शिकवलेलं नाही. त्यांच्या चुंबकाला सगळं ठाऊक आहे. दशक्रियेला घाटावर आलेले पाहुणे त्यांना ओरडतात आणि मग त्यांच्याकडूनच मोड घेतात.

आणखी एक गोष्ट साध्या डोळ्यांना दिसते, चष्मा लावल्यावर. सालाच्या आकड्याखाली बघा. चौकट किंवा हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईने हिरा घेतला, हे झवेरी बाजाराच्या गावाला साजेसं झालं. कोलकात्याने काहीच लिहिलं नाही, कारण आम्हाला ओळख सांगावी लागत नाही असं त्यांना वाटत असणार. नव्वदीत नाणी कमी पडायला लागली म्हणून काही परदेशातूनही पाडून आणली. त्यांच्या खुणा वेगळ्या, आणि त्या बघून डब्यातलं नाणं विलायती म्हणून मिरवणारे लोक मी पाहिले आहेत.

खरोखरचं विलायती नाणं मात्र वेगळ्याच वाटेने येतं. रत्नागिरीकडच्या बाजारात एखाद्या रुपयाच्या जागी अरबी किटली कोरलेला दिरहम निघतो. दुकानदार चिडतो, 'हे काय बाबा, आखाती' म्हणून परत करतो आणि वीसपेक्षा जास्त रुपये एका रुपयासाठी नाकारतो. नेपाळी नाण्याचा हिशेबही असाच फसवा. तिथला रुपया आपल्याशी एकास १.६० असा बांधलेला आहे, म्हणजे नेपाळी दोन रुपये आपले सव्वा रुपये होतात. ते रुपया म्हणून खपलं तर खपवणाऱ्याचंच नुकसान. पण खपवणारा मोठ्या आनंदात असतो, कारण त्याने ते खपवलेलं असतं.

आणि मग येतात देवघरातली नाणी. १९९९ साली ज्ञानेश्वर महाराजांचा रुपया निघाला, त्याच साली शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ मध्ये तुकाराम महाराजांचे दोन रुपये, २००७ मध्ये लोकमान्यांचे पाच रुपये. ज्या तुकोबांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली त्यांना सरकारने थेट नाण्यावर बसवलं, हे त्यांना कितपत आवडलं असतं कोण जाणे. ही नाणी बाजारात टिकत नाहीत. ज्याला मिळतात तो ती खिशातून काढतो, चिंच आणि पितांबरी लावून लखलखीत घासतो आणि देवापुढे ठेवतो. घासलं की संग्राहकाच्या दृष्टीने त्याचं मोल संपलं. चकाकी ही नाण्याच्या अंगची असते. आपण घासून जी आणतो ती भांड्याची. काका हे सांगून थकले. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांचं कोणी ऐकत नाही, त्यांच्या स्वतःच्या घरीसुद्धा.

या भाविकांवरच जाळं टाकणारे लोक सध्या फोनवर फिरतात. वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं, २०१२ सालचं, तुमच्याकडे आहे? पंचवीस लाख. शेवटी ७८६ असलेली नोट? दहा लाख. ट्रॅक्टरची पाचाची नोट? तीही घेतो. हे व्यवहार पक्के करायला आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग आणखी काही भरायला सांगतात आणि वर रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर केलं की असा कोणताही व्यवहार आम्ही करत नाही आणि असली फी कोणाकडूनही घेत नाही. वैष्णोदेवीचं नाणं तर भरपूर पाडलेलं, रोजच्या चलनातलं नाणं आहे. संग्राहक त्याला फार तर थोडे जास्त पैसे देईल, तेही कोरं असेल तर.

तेव्हा तुम्हालाही असा फोन आला तर घाबरू नका आणि फी भरू नका. नम्रपणे सांगा की साहेब, नोंदणी फी आणि जीएसटी म्हणून हेच नाणं ठेवून घ्या. पंचवीस लाखांचं आहे, फी कापून बाकीचे परत पाठवा, आणि शक्यतो आठाण्यांत नको.